आयएनएस

अमेरिकेच्या ‘इमिग्रेशन अँड नॅचरलायझेशन सर्व्हिस’ या पूर्वीच्या सरकारी खात्याची आद्याक्षरे. परदेशी माणसाला देशात घेणे, त्याच्या मुक्कामाची मुदत ठरवणे, ग्रीन कार्ड व नागरिकत्वाचे अर्ज तपासणे आणि सीमेवरचा पहारा ही सगळी कामे या एकाच खात्याकडे होती. १९३३ मध्ये दोन कार्यालये एकत्र करून ते स्थापन झाले. १९४० मध्ये ते मजूर खात्यातून न्याय खात्याकडे गेले आणि १ मार्च २००३ रोजी बंद झाले.

आपल्याकडे ‘आयएनएस’ म्हटले की आधी युद्धनौकाच आठवणार. ‘आयएनएस विक्रांत’मधली ही अक्षरे ‘इंडियन नेव्हल शिप’ची असून त्यांचा या खात्याशी संबंध नाही.

मराठी माणसाचा अमेरिकी नागरिकत्वाशी झगडा या खात्याहूनही जुना आहे. भारतीयांना नागरिकत्व नाकारणारा थिंड खटल्याचा निकाल १९२३ मध्ये लागला. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्यासाठी सरकारने दावे लावले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले अभियंते शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरचा दावा १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भारतीयांसाठी ही वाट कायद्याने मोकळी झाली ती १९४६ मध्ये, आणि तेव्हाही स्थलांतराचा कोटा होता वर्षाला अवघा शंभर जणांचा. १९६५ च्या कायद्याने तो अडसर गेला. पुढे जी मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी तिकडे स्थायिक झाली, त्यांच्या तोंडी ‘आयएनएसचं पत्र आलं का?’ हा घरातला रोजचा प्रश्न होता.

खाते गेले तरी त्याच्या खुणा टिकल्या. स्थलांतराच्या फॉर्मना ‘आय’ (आय-२०, आय-४८५) आणि नागरिकत्वाच्या फॉर्मना ‘एन’ (एन-४००) लावण्याची पद्धत अजून चालू आहे. अर्जाच्या पोचपावतीवरच्या क्रमांकाची पहिली तीन अक्षरे अनेकदा केंद्र सांगतात. ‘एलआयएन’ असेल तर कागद नेब्रास्कातल्या लिंकनला गेला असे समजावे.

वापराबाबत एक काळजी घ्यायला हवी. २००३ नंतर कामांची वाटणी झाली. अर्ज व नागरिकत्व ‘यूएससीआयएस’कडे, देशांतर्गत धरपकड ‘आइस’कडे आणि विमानतळ व सीमेवरची तपासणी ‘सीबीपी’कडे गेली. आजच्या बातमीत ‘आयएनएसने पकडले’ असे लिहिणे चूक आहे. १९९० च्या दशकातल्या घटनेत ‘आइसने पकडले’ हेही तितकेच चूक. जुन्या कागदांवर मात्र आयएनएसचेच नाव असते आणि ते तसेच उतरवावे. आजोबांच्या नागरिकत्वाची फाइल शोधणाऱ्या नातवंडांनी अर्ज यूएससीआयएसच्या वंशावळ विभागाकडे करायचा असतो. तिथे १९५६ पर्यंतच्या नागरिकत्वाच्या फायली मागवता येतात.