सॅव्हॉयचें मूळ घर

मॅझिनी व गॅरिबाल्डी यांच्या चरित्रांमुळें इटलीच्या एकीकरणाची हकीकत मराठी वाचकांस पुष्कळ काळापासून परिचित आहे. परंतु ज्या घराण्याच्या शिरावर शेवटीं इटलीचा मुकुट चढला, त्याचें मूळ घर आल्प्सच्या पश्चिमेस, सॅव्हॉय प्रांतांत होतें, इकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं.

घाट ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं व्यापार, हें या सरंजामदारांनीं अकराव्या शतकापासून ओळखिलें होतें. माँ सनीसारख्या खिंडींवर पहारा ठेवावा, जकात घ्यावी, आणि दोहों बाजूंच्या बलिष्ठांस आपली गरज भासत राहील असें वागावें, ही त्यांची राजनीति. १४१६ सालीं त्यांस ड्यूक ही पदवी मिळाली. शांबेरीचा किल्ला त्यांनीं १२९५ सालीं चक्क विकत घेतला होता. आज तेथें फ्रेंच सरकारची कचेरी आहे. किल्ल्यांतील प्रार्थनामंदिर मात्र नाजूक गॉथिक घडणीचें. ख्रिस्ताचें म्हणून पूजिलें जाणारें कफन १५३२ च्या आगींत येथेंच होरपळलें. त्या खुणा त्यावर अद्याप आहेत. १५६३ त राजधानी पर्वतापलीकडे तुरीनला गेली, व १५७८ त कफनही तिच्यामागून गेलें.

मागें राहिले ते पूर्वज. बूर्जे सरोवराच्या कांठीं ओत्कोंब नांवाचा बाराव्या शतकांतला मठ आहे. तेथें त्यांच्या समाध्या. राज्यक्रांतींत हा मठ विकला जाऊन त्यांत मातीच्या भांड्यांचा कारखाना निघाला! १८२४ सालीं घराण्यांतील राजा कार्लो फेलीचे यानें तो परत विकत घेऊन नव्यानें उभारिला. पुतळ्यांची व नक्षीची आजची दाटी बहुतांशीं त्याचीच. आम्हांस ती अतिरेकी वाटते. जुन्या सिस्टर्शियन साधूंस ती खचित रुचली नसती. तरी पूर्वजांची हाडें कारखान्याखालीं राहूं न देणाऱ्या वंशजास नुसत्या अभिरुचीच्या काट्यावर तोलणें बरें नव्हे.

पुढें १८६० त तिसऱ्या नेपोलियनच्या साहाय्याचें मोल म्हणून दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलनें हेंच मूळ घर फ्रान्सला देऊन टाकलें, व पुढच्याच वर्षीं तो इटलीचा राजा झाला. १९४६ सालीं इटलींत प्रजासत्ताक आलें. त्याचा पणतू दुसरा उंबेर्तो देशोधडीस लागला, आणि माजी राजांस इटलींत पाऊल टाकण्याची घटनेनेंच बंदी झाली. १९८३ त तो जिनीव्हा येथें वारला. तेव्हां त्याचें दफन पणजोबानें देऊन टाकलेल्या भूमींत, ओत्कोंब येथें झालें.