कोरी पाटी

निरोप गुप्त राखण्याचे दोन मार्ग मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. एक, निरोपाचा अर्थ लपविणे. दुसरा, निरोप आहे हेच लपविणे. सांकेतिक लिपीतील पत्र शत्रूला वाचता आले नाही, तरी ते पत्र आहे एवढे त्याला कळते, आणि दूताला अडविण्यास तेवढे पुरते. म्हणून दुसरा मार्ग अधिक सुरक्षित. पण त्याची किंमतही मोठी आहे.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने एक कथा नोंदून ठेवली आहे. स्पार्टाचा पदच्युत राजा डेमॅरेटस हा इराणी सम्राट झर्क्सीझ याच्या आश्रयास सूसा येथे राहत होता. सम्राट ग्रीसवर चालून जाणार, ही वार्ता त्याला मायदेशी कळवावयाची होती. त्या काळी लाकडी पाटीवर मेणाचा थर देऊन त्यावर लिहीत. डेमॅरेटसने मेण खरवडले, खालच्या लाकडावर मजकूर लिहिला आणि वर पुन्हा मेण ओतले. वाटेवरील पहारेकऱ्यांना त्या पाटीचा संशय आला नाही. परंतु स्पार्टातही ती कोरीच दिसली! अखेर लिओनिडास राजाची पत्नी गॉर्गो हिने मेण काढून पाहण्यास सुचविले, तेव्हा तो मजकूर उजेडात आला. शत्रूपासून जे लपवावे ते मित्रालाही दिसेनासे होते, ही ती किंमत.

बिनतारी यंत्राने हा प्रश्न अधिकच बिकट केला. बिनतारी लहरी दाही दिशांना पसरतात. शत्रू त्या ऐकू शकतो. इतकेच नव्हे, तर त्याच लहरीवर खरखर सोडून निरोप बुडवूही शकतो. १९४२ साली जगाच्या दोन टोकांना या संकटाशी दोन निराळ्या रीतींनी झुंज देण्यात आली.

११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत चित्रपटतारका हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना एका शोधाचे पेटंट मिळाले. पाणतीराला बिनतारी आज्ञा देताना एकाच लहरीवर न थांबता लहर सारखी बदलत राहावी, ही त्यातील कल्पना. आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी भोके पाडलेली कागदाची एकसारखी गुंडाळी प्रेषकाकडे आणि पाणतीरात ठेवावयाची. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ लहरींची तीत योजना होती. शत्रूच्या कानी पडलाच तर क्षणाचा तुकडा पडे. मात्र दोन्ही गुंडाळ्या बरोबरीने फिरल्या नाहीत, तर पाणतीरच बहिरा होई. अमेरिकन आरमाराने युद्धकाळात ही योजना वापरली नाही. पण पुढे सेकंदाला १६०० वेळा लहर बदलणारे ब्लूटूथ याच तत्त्वावर चालू लागले.

त्याच सुमारास मुंबईत, ‘छोडो भारत’च्या चळवळीत, उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्यांना गुंडाळीची युक्ती उपयोगाची नव्हती, कारण त्यांचा श्रोता कोणी एक नव्हता. सारा देश होता. लोकांना ऐकता यावे म्हणून ४२.३४ मीटर ही लहर त्यांना उघडपणे सांगावी लागे, आणि लोकांना सांगितले ते पोलिसांनाही कळे. सरकार प्रक्षेपणात व्यत्यय आणी, शोधयंत्रे लावलेल्या गाड्या शहरातून फिरत. लपविण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे जागा. म्हणून ते बिऱ्हाड वारंवार बदलत.

ती जागाही अखेर यंत्राने नव्हे, तर माणसाच्या तोंडून फुटली. त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून ठावठिकाणा कळल्यावर पोलिसांनी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

या तिन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते. निरोप कितीही चतुराईने झाकला, तरी तो उघडण्याची खूण कोणाच्या तरी हाती द्यावीच लागते. स्पार्टात ती खूण कोणापाशीच नव्हती, म्हणून निरोप हरवण्याची वेळ आली. मुंबईत ती जाणणारा एक जण ढळला, आणि आवाज बंद पडला. तोवर मात्र जवळजवळ तीन महिने वृत्तपत्रांवरील निर्बंधांना न जुमानता तो आवाज लोकांपर्यंत पोचत राहिला. स्वतःला पुरते लपवून घेतले असते, तर तो कोणालाच ऐकू आला नसता.