जबलपूरची विडी आणि खिशाची परीक्षा

२०२५च्या मे महिन्यात सॅमसंगने ५.८ मिलिमीटर जाडीचा फोन विकायला काढला आणि सप्टेंबरात ॲपलने ५.६ मिलिमीटरचा. दोन्ही वेळा लोकांना पडलेली शंका एकच होती : एवढी पातळ वस्तू खिशात टिकेल का? वस्तू नवी असली तरी शंका जुनी आहे. पातळ, हलकी आणि खिशात दिवसभर दाबली, चुरगळली जाणारी वस्तू लाखोंच्या संख्येने तयार करून ती धड अवस्थेत गिऱ्हाइकाच्या हाती कशी द्यायची, हा प्रश्न जबलपूरच्या विडी कारखानदारांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला होता. तो कसा सुटला ते नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. वस्तू किती जाड आहे याला आपण समजतो तेवढं महत्त्व नाही. ती ज्या द्रव्याची आहे ते वाकणं सोसतं का, आणि सोसलं नाही तर तुटीचा खर्च कोणाच्या माथी पडतो, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. यातली दुसरी गोष्ट बहुतेक चर्चांतून निसटते, म्हणून जबलपूरचा इतिहास मुद्दाम सांगण्याजोगा.

हे शहर मराठी वाचकाला परकं नाही. १८१७पर्यंत तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १८६१पासून १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. जबलपूर म्हटलं की आजही आधी तोफा आठवतात. मुंबई, मद्रास आणि फतेहगढ इथले तोफगाड्यांचे कारखाने मोडून १९०४ साली सरकारने त्यांचा एकच कारखाना जबलपुरात उभा केला. त्याच सुमाराला, त्याच गावात, पाव ग्रॅमच्या आसपास तंबाखू असलेल्या विडीचा व्यापार मूळ धरत होता. एकाच गावाने सर्वांत अवजड आणि सर्वांत हलका माल एकाच वेळी घडवावा, हा योगायोग गमतीचा आहे. पण दोन्हींमागे रेल्वे होती, हा योगायोग नव्हे. मार्च १८७० मध्ये इटारसीकडून आलेला मार्ग जबलपुरात अलाहाबादकडच्या मार्गाला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. पुढे १९०३ ते १९०५ या काळात बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अरुंद मार्ग टाकला. सातपुड्याच्या जंगलातून जाणारा हा चिमुकला मार्ग पुढे विडीधंद्याच्या दोन मोठ्या ठाण्यांना जोडणारा ठरला.

विडीचं माहेर मात्र गुजरातेत, खेडा आणि पंचमहालच्या तंबाखूच्या पट्ट्यात. तिथे ती आपट्याच्या पानात वळली जाई. तोच आपटा, ज्याची पानं आपण दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो. १८९९च्या भीषण दुष्काळात गुजरातेतून अनेक कुटुंबं कामाच्या शोधात मध्य प्रांताकडे आली. या माणसांना तंबाखू ओळखीचा होता, वळायची कला ठाऊक होती. इथल्या जंगलात त्यांना तेंदूचं पान सापडलं. १९०२च्या सुमारास मोहनलाल आणि हरगोविंददास यांनी जबलपुरात विडीचा धंदा सुरू केला आणि त्यांची शेर छाप विडी पुढे घरोघरी पोचली. गोंदियात मनोहरभाई पटेलांचं नाव याच धंद्यातून मोठं झालं. कामठी, भंडारा, सिन्नर, सोलापूर, निपाणी ही गावंही नंतर विडीची म्हणून ओळखली जाऊ लागली.

तेंदूच का, याचं उत्तर त्या पानात आहे. तेंदूचं पान वाळल्यावर चामड्यासारखं होतं. पाण्यात भिजवलं की पुन्हा मऊ पडतं, सहज कुजत नाही, धग धरून ठेवतं आणि वळताना शिरेवर तडकत नाही. शिवाय ही लवचीकता आयती मिळत नाही, ती पिकवावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपं छाटतात. गडचिरोलीकडे याला बेटकटाई म्हणतात. छाटल्यावर दीड-एक महिन्यात जी कोवळी, मोठी पानं फुटतात तीच विडीची पानं. झाडाची जून पानं या कामाची नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत तोडणी, पन्नास पानांची गड्डी, फडावर उलटसुलट करून उन्हात वाळवणं, मग हलकं पाणी शिंपून पोत्यांत भरणं, आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या आत. या पानाची किंमत कारखानदारांना किती होती हे एका खटल्यावरून कळतं. जबलपूरच्या मोहनलाल हरगोविंद पेढीने जंगलातून पानं तोडण्याचे अल्पमुदतीचे ठेके घेतले होते. त्यावरचा खर्च भांडवली मानायचा की चालू खर्च, हा आयकराचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९४९ साली निकाल पेढीच्या बाजूने लागला : पानं हा कच्चा माल आहे, झुडपं छाटण्याचा हक्क हा चांगली पानं मिळवण्याचाच भाग आहे, त्यामुळे हा खर्च चालू खर्चच. झुडपाच्या छाटणीवर इंग्लंडात न्यायमूर्तींनी खल केला, तो ज्या पानावर सगळा धंदा उभा होता त्या पानापायी.

आता वळणाऱ्या बाईच्या सुपाकडे पाहू. रात्रभर भिजवलेलं पान ती पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने चौकोनी कापते, जाड शिरा काढून टाकते, चिमूटभर तंबाखू सारख्या जाडीने पसरते, बोटांनी निमुळती गुंडाळी करते, रुंद टोकाच्या कडा आत दुमडते आणि दुसऱ्या टोकाला दोरा बांधते. यात डिंक नाही, कागद नाही. गुंडाळी सुटू नये ही जबाबदारी दोऱ्याची, आणि तंबाखू सांडू नये ही दुमडीची. पुढे कारखान्यात विड्या भट्टीच्या उबेवर शेकतात, पानातली ओल जाते आणि वळण कायमचं बसतं. मग पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून त्यांवर छापील कागद चढतो. एकटी विडी खिशात फार टिकणार नाही हे कारखानदारांनाही ठाऊक होतं; कट्ट्यात मात्र एकीला दुसरीचा आधार मिळतो आणि दाब सगळ्यांत वाटला जातो. बंडीच्या खिशात, धोतराच्या ओच्यात किंवा चंचीत तो दिवसभर राहतो तो त्यामुळे.

याच्या उलट उदाहरण सिगारेटचं. पातळ कागदाच्या नळीत भरलेली सिगारेट मऊ पाकिटात घालून खिशात ठेवली की चेपायची. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कंपन्या पाकिटात एक ताठ पुठ्ठ्याचं कार्ड घालू लागल्या. नंतर त्यावर नट्या, खेळाडू, युद्धनौका यांची चित्रं आली आणि लोक ती जमवू लागले, पण कार्डाचा मूळ जन्म पाकीट ताठ ठेवण्यासाठीच. सधन माणसं चांदीची डबी बाळगत. म्हणजे सिगारेटने आपली नाजुकी बाहेरच्या कवचावर सोपवली आणि विडीने ती पानातच मुरवली. साडेपाच मिलिमीटरचा फोन घेऊन त्यावर त्याच दिवशी कव्हर आणि काच चढवणारा आजचा ग्राहक सिगारेटच्या वाटेने चालला आहे.

पण पान कितीही गुणी असलं तरी प्रत्येक विडी सारखी उतरत नाही. सैल वळलेल्या, तडकलेल्या, कमी-जास्त तंबाखूच्या विड्या बाजूला काढण्याला धंद्यात छाट म्हणतात. बाई घरी विड्या वळते, सट्टेदाराकडे, म्हणजे कारखानदाराच्या मध्यस्थाकडे, नेऊन देते, आणि सट्टेदार त्यातली छाट काढतो. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांवर; छाटीत गेलेल्या विडीची मजुरी नाही. पुष्कळदा ती छाट परतही मिळत नसे, आणि कमी पडलेली पानं पदरमोड करून आणावी लागत. गिऱ्हाइकाच्या खिशातली विडी धड निघाली याचं श्रेय म्हणूनच केवळ तेंदूला देता येत नाही. जी फुटण्याची शक्यता होती ती आधीच निवडून काढली गेली होती, आणि तिची किंमत वळणाऱ्या बाईने मोजली होती. टिकाऊपणा हा वस्तूचा गुण म्हणून विकला जातो, पण त्याच्या हिशेबात असा एक कोपरा असतो जो पाकिटावर छापलेला नसतो. सरकारची या घरकामावर नजर होतीच, पण वेगळ्या कारणाने. १९४८च्या प्रांतिक कायद्याने शेतीच्या हंगामात ठराविक गावांत विडी वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार दिला होता. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला आणि नोव्हेंबर १९५० मध्ये चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. वळणारीच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न मात्र त्यानंतरही सोळा वर्षं तसाच राहिला.

या मांडणीवर पहिला आक्षेप उघड आहे. विडी दोन दिवसांत ओढून संपते, फोन तीन-चार वर्षं वापरायचा असतो. मग तुलना कसली? पण विडीचं आयुष्य गिऱ्हाइकाच्या खिशात सुरू होत नाही. भट्टीतून निघाल्यावर ती पेटाऱ्यात, मालगाडीत, अडत्याच्या कोठीत आणि टपरीवरच्या डब्यात आठवडे काढते. पावसाळ्याची दमट हवा सोसते. खिसा हा तिचा शेवटचा मुक्काम. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : धंदा वाढला तो स्वस्त मजुरी आणि रेल्वेमुळे, पानाचं कौतुक कशाला? मजुरी आणि रेल्वे नसती तर काही झालं नसतं, हे कबूल. पण या दोन्ही गोष्टी देशात अनेक ठिकाणी होत्या. वळणाऱ्या बायका सोलापुरात होत्या, सिन्नरला होत्या, पार मंगळुरूला होत्या. त्यांच्याकडे पान मात्र मध्य भारतातून आणि विदर्भातून जायचं. मजुरांना पानाजवळ न्यावं लागलं नाही, पानच शेकडो मैलांचा प्रवास करत गेलं. ज्या वस्तूला पर्याय असतो तिचं एवढं भाडं कोणी भरत नाही. मध्य प्रदेश सरकारने १९६४ साली तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या हाती घेतला, तेव्हा त्यानेही विडी सोडून नेमकं पान धरलं.

तिसरा आक्षेप यंत्रशास्त्राचा. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर ताठरपणा एक-अष्टमांश होतो. मग जाडीला महत्त्व नाही असं कसं म्हणता येईल? नियम खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. ठराविक वजन टाकलं तर पातळ पट्टी आधी हार मानते. ठराविक वळणावर वाकवली तर मात्र जितकी पातळ तितका तिच्या पृष्ठभागावरचा ताण कमी. तेंदूचं पान या दुसऱ्या नियमावर जगतं. फोनचं काय होतं हे २०१४ साली दिसलं. आयफोन ६ प्लस खिशात वाकतो अशी ओरड झाली तेव्हा अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने काही फोन दाबून पाहिले. ६.९ मिलिमीटरचा आयफोन ६ सुमारे ३२ किलो दाबाला वाकला. ९ मिलिमीटरहून जाड, धातूच्या अंगाचा एचटीसी वन एम८ही तेवढ्यालाच वाकला. ७.१ मिलिमीटरच्या ६ प्लसने ४१ किलोपर्यंत तग धरला. सर्वांत जास्त, ६८ किलोपर्यंत टिकला तो ८.३ मिलिमीटरचा, प्लास्टिकच्या अंगाचा गॅलेक्सी नोट ३. सर्वांत जाड फोन आधी हरणाऱ्यांत आणि सर्वांत चिवट फोन प्लास्टिकचा, असा हा निकाल. घनाचा नियम त्याने खोटा ठरत नाही. फक्त जाडी हा अनेक घटकांपैकी एक ठरतो. ॲपलने पुढच्याच वर्षी जाडीत नाव घेण्याजोगा बदल न करता ॲल्युमिनियमची जात बदलली, आणि २०२५च्या पातळ फोनला टायटॅनियमची चौकट दिली. जबलपूरकरांनीही तेच केलं होतं; आपट्याऐवजी तेंदू घेतला, विडी जाड केली नाही.

खर्चाच्या बाबतीत मात्र दोन्ही कथा उलट दिशांना जातात. २०१८ साली अमेरिकी न्यायालयातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं, की ६ प्लस हा आयफोन ५एसपेक्षा ७.२ पट अधिक वाकण्याची शक्यता असल्याचं ॲपलच्या अंतर्गत चाचण्यांत दिसलं होतं. दोन्हींच्या जाडीतला फरक अर्धा मिलिमीटर. घनाच्या नियमाने त्यातून फार तर पाचवा हिस्सा ताठरपणा कमी होतो, बाकीचा फरक लांबी आणि घडणीचा. फोन वाकून पडद्याचा स्पर्श जाऊ लागला तेव्हा कंपनीने २०१६ मध्ये दुरुस्तीची योजना काढली, तीही १४९ डॉलर घेऊन. विडीच्या धंद्यात तुटीचा भार माल बाजारात जाण्याआधी मजुरावर पडला, फोनच्या धंद्यात तो माल विकल्यानंतर ग्राहकावर पडतो. कारखानदार दोन्हीकडे मध्ये सुरक्षित. मजुराच्या बाबतीत निदान कायदा आला. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याच्या ३९व्या कलमाने नाकारलेल्या विड्यांचा आणि त्यांच्या मजुरीचा वाद राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नेण्याची वाट करून दिली. त्या कायद्याला कारखानदारांनी आव्हान दिलं. मंगळूर गणेश बिडी वर्क्स खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. खिशात वाकलेल्या फोनच्या बाबतीत असं स्वतंत्र कलम नाही. वॉरंटीच्या कागदावर फिजिकल डॅमेज वगळल्याची ओळ असते, आणि तो फोन खिशात ठेवण्यासाठीच विकला होता का, याचा निवाडा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच होतो.