वेदना, अफू आणि कुलूप

'वेदना' या शब्दाचं मूळ 'विद्' धातूत आहे. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या आणि वेदना ही एकाच घरातली भावंडं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. "सर, म्हणजे गृहपाठ म्हणजे विद्या आणि वेदना दोन्ही!" मुलांचं सोडा, पण शब्द मोठा शहाणा आहे. दुखणं फक्त ज्याचं त्यालाच 'कळतं'. ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाब यंत्राने मोजता येतो. वेदना मोजायचं यंत्र नाही. समोरचा म्हणतो "दुखतंय", त्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

मी इतिहासाचा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठल्याही गोष्टीच्या मागे सनावळ्या शोधायची खोड गेलेली नाही. गेले काही महिने मी एकाच गोष्टीच्या मागे होतो. ज्या देशात अफू पिकते, त्या देशात कॅन्सरच्या माणसाला अफूपासून झालेलं औषध का मिळत नव्हतं? जे सापडलं ते इथे मांडतो.

सुरुवात मुंबईपासून करू. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या पैशावर मुंबईत अनेक वाडे, धक्के, गोद्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांनीही या व्यापारात मोठी कमाई केली आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. इतिहास असा गमतीचा असतो. गिरणगावात तर १९२० च्या दशकातसुद्धा कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' चारून निजवत. त्या गोळीत अफू असे. म्हणजे अफूची भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही.

त्याच अफूतून १८०४-०५ च्या सुमारास सर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याने मॉर्फिन वेगळं काढलं. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने आहेत. आपली अफू परदेशात जाते, तिथे तिचं औषध होतं, तिथल्या रुग्णांच्या वेदना थांबतात. आणि आपल्याकडे?

आपल्याकडे १९८५ साली एनडीपीएस कायदा आला. अमली पदार्थांची तस्करी रोखायला तो हवाच होता. पण त्याचा जाच तस्करांइतकाच औषधवाल्यांनाही झाला. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, जामीन अवघड. मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. दुकानदार म्हणाले, नको ती कटकट. रुग्णालयंही तेच म्हणाली. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७ साली तो अख्ख्या भारतात वर्षाला १८ किलोवर आला. अठरा किलो! मुरब्याच्या किनाऱ्यावर एका होडीतून सकाळी त्याहून जास्त बोंबील उतरतात.

ही आकडेवारी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे थोरले दादा आले. दादा तांडेल होते, आयुष्य समुद्रावर गेलं. तोंडाचा कॅन्सर निघाला तो १९९४ साली. मुंबईच्या एका इस्पितळातून त्यांना "आता घरी न्या" म्हणून पाठवलं. सोबत दिल्या त्या साध्या दुखण्याच्या गोळ्या. वादळात कधी न घाबरलेला माणूस उशी दातात धरून रात्र काढायचा. मी पुन्हा इस्पितळात गेलो आणि विचारलं, यापेक्षा जोरकस काही नाही का? डॉक्टर वाईट नव्हते. थकलेले होते. म्हणाले, "मॉर्फिन आम्ही ठेवत नाही मास्तर, परवान्याची भानगड आहे. आणि सवय लागली तर?" ज्याचे दिवस मोजायचे उरलेत, त्याला सवय लागेल! त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. दादा सात आठवड्यांनी गेले.

राग कुणावर धरायचा? त्या डॉक्टरांना कॉलेजात जे शिकवलं तेच ते बोलले. आणि मुद्दा इथेच आहे. कुलूप दोन ठिकाणी होतं. एक कायद्यात, दुसरं डॉक्टरांच्या मनात. कायद्याचं कुलूप लोकांना दिसलं. मनातलं दिसायला फार वेळ लागला.

खरं तर किल्ली तेव्हाच तयार होती. लंडनला सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. मरणासन्न माणसाची वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, घरच्यांची, पैशाची अशी सगळी मिळून ती होते, हे त्यांनी सांगितलं. शिवाय मॉर्फिन दुखल्यावर नाही तर घड्याळाप्रमाणे, तोंडाने द्यायचं, म्हणजे वेदना डोकं वर काढतच नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, दुसऱ्या पायरीवर कोडीन, तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन. त्याच वर्षी वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 'शांती अवेदना सदन' सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. म्हणजे दादांच्या आधी आठ वर्षं, पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावर ही सोय होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यालाच माहीत नसावं.

पुढचा धडा केरळचा. १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' काढली. त्यांनी दोन कामं बरोबरीने चालवली, डॉक्टर-परिचारिकांना शिकवायचं आणि कायद्याशी भांडायचं. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करायचा नमुना पाठवला. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कालिकतचा अनुभव छापून आला. दोन वर्षांत १७२३ रुग्णांना घरी न्यायला मॉर्फिन दिलं, गैरवापराचं किंवा चोरीचं एकही प्रकरण आढळलं नाही. २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. 'आवश्यक अमली औषधे' असा नवा वर्ग आला, २०१५ मध्ये त्यात मॉर्फिनसकट सहा औषधं घातली गेली, आणि चार-पाच परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली.

आता कुणाला वाटेल, संपली गोष्ट. पण २०१७ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने जगभरचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या फक्त ४ टक्के औषध पोचत असल्याचं दिसलं. कायदा उघडला, कपाट उघडलं, पण औषध लिहून देणारा हात अजून आखडलेलाच. आणि नव्या नियमातली मेख अशी की मान्यता मिळवायची तर संस्थेत वेदनाशमनाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. अट योग्यच आहे. पण असा डॉक्टरच नसेल, तर एक खिडकी काय नि दहा खिडक्या काय!

म्हणून मला वाटतं, या इतिहासातलं सर्वांत मोठं साल २०१४ नाही. २०१२ आहे. त्या वर्षी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिन या विषयाची एम. डी. सुरू झाली, देशात पहिल्यांदा. आणि २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात हा विषय सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी आला. पुण्याला वारज्याच्या सिप्ला केंद्रात तर १९९७ पासून रुग्णसेवेबरोबर प्रशिक्षण चालू आहे.

या डॉक्टरांना शिकवतात तरी काय? मी मास्तर, मला अभ्यासक्रमाचीच उत्सुकता. पहिला धडा विचारण्याचा. कुठे दुखतं, कसं दुखतं, दहापैकी किती? हाडाचं दुखणं वेगळं, नसेचं वेगळं, त्याला औषधही वेगळं. मॉर्फिन थोड्या मात्रेने सुरू करायचं, हळूहळू वाढवायचं. साधी गोळी दर चार तासांनी, आणि तिच्या जोडीला पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठ होतोच. मूत्रपिंड कमजोर असेल तर जपून. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्या जोडीने श्वास मंदावू शकतो, म्हणून आधी चौकशी. श्वास मंदावलाच तर नॅलॉक्सोन हा उतारा. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. सवय झाली तर मात्रा हळूहळू कमी करून औषध सोडता येतं. गोळ्या घरात कुलपात ठेवायच्या, मोजायच्या, उरलेल्या परत करायच्या. आणि मॉर्फिन कधी द्यायचं *नाही*, हेही शिकवतात. नुसत्या कंबरदुखीला ते सुरू करून वर्षानुवर्षं चालू ठेवायचं नाही.

हा शेवटचा धडा अमेरिकेने महागात शिकला. आमच्या नात्यातली मुलं तिकडे आहेत, त्यांना हे जास्त ठाऊक. १९८० साली तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापलं होतं. रुग्णालयात ही औषधं दिलेल्या सुमारे बारा हजार रुग्णांत व्यसन लागलेले फक्त चार, असं. पुढे वर्षानुवर्षं तेच पत्र 'पुरावा' म्हणून मिरवलं गेलं, जणू कुठल्याही रुग्णाला, कितीही दिवस, घरी न्यायला दिलं तरी चालेल. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं. डॉक्टरांना धडे देऊ लागले ते औषध विकणारे. त्या कंपनीने २००७ मध्ये दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. १९९९ ते २०१९ या काळात तिथे ओपिऑइडच्या अतिमात्रेने सुमारे पाच लाख माणसं गेली, त्यात डॉक्टरने लिहून दिलेली औषधं होती तशी हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिलही.

मी मुलांना नेहमी सांगायचो, साधन मूळातून वाचा, ते जेवढं सांगतं तेवढंच घ्या. कालिकतच्या आकड्यांनाही हाच नियम. ते रुग्ण शिकलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. सगळं श्रेय त्या देखरेखीचं आहे. तेच मॉर्फिन, पण इकडे कुणालाच मिळेना, तिकडे नको त्याला मिळालं. दोन्हीकडे एकच गोष्ट कमी होती, नीट शिकलेला आणि नीट विचारणारा डॉक्टर.

२०१९ मध्ये वहिनींना, म्हणजे दादांच्याच पत्नीला, कॅन्सर निघाला. हाडांपर्यंत गेला होता. मुंबईत एका तरुण डॉक्टर मुलीने त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतं?" वहिनी म्हणाल्या, "बारा." मुलगी हसली नाही. तिने ते लिहून घेतलं. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, पुतण्याला बसवून वेळापत्रक समजावलं. तिसऱ्या दिवशी वहिनी रात्रभर झोपल्या. पुढचे पाच महिने त्या ओट्यावर बसून सुके बोंबील निवडायच्या आणि सुनांना सूचना द्यायच्या. गोळ्या संपत आल्या की पुतण्या पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठायचा. तेवढा एक वनवास राहिला.

तो संपावा असं फार वाटतं. आपल्या जिल्ह्याला हे अगदीच नवं नाही. २०१० नंतर, पालघर अजून ठाण्यात होतं तेव्हा, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आजारी मुलांसाठी पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प सुरू झाला होता. जव्हारच्या डोंगरात जे जमू शकतं, ते किनाऱ्यावर का जमू नये? तारापूरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. औषध बनवणं आपल्याला येतं. ते कुणाला, किती, कधी द्यायचं हे जाणणारी माणसं गावाजवळ हवीत.

असो. लेख लांबला, मास्तरकीची सवय! नात्यातल्या पोरांनो, घरात कुणी अशा दुखण्यात असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "वेदनेचं काय करणार? इथे पॅलिएटिव्ह केअर आहे का? नसेल तर कुठे आहे?" विचारायला लाजू नका. आणि तुमच्यापैकी जी मुलं डॉक्टर होत आहेत त्यांनी रुग्ण "बारा" म्हणाला तर बारा लिहावं.