एक आकडा की पल्ला?

नाशिक जिल्ह्यात इगतपुरीची भातखाचरे तुडुंब भरलेली असताना पर्जन्यछायेतल्या येवल्यात पेरणी खोळंबलेली असू शकते. मग ‘यंदा पाऊस किती?’ या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात कसे द्यायचे?

हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये हिमालयातील बर्फावरून मान्सूनचा अंदाज वर्तवला. १९०४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या हवामानातले परस्परसंबंध गणिताने शोधले. डॉ. वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सोळा घटकांचे प्रारूप मांडले. ते अनेक वर्षे उपयोगी पडले. २००२ मध्ये मात्र देशासाठीचा अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, चूकमर्यादा ४ टक्के. प्रत्यक्षात पाऊस पडला ८१ टक्के! म्हणजे सांगितलेला पल्लाच फार अरुंद होता. त्यानंतर प्रारूपे बदलली. आता कमी, सामान्य, जास्त अशा गटांच्या शक्यता सांगितल्या जातात.

पण या शक्यता तरी किती नेमक्या? फळ्यावर बाणांची आकृती काढू: एल निनो, मान्सून, आपल्या तालुक्यातला पाऊस. शेवटच्या बाणासाठी थोड्याच वर्षांच्या नोंदी असतील, तर तिथे ‘५० टक्के’ लिहिण्यापेक्षा, समजा, ‘४० ते ६०’ लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. दोन्ही टोकांना पेरणी परवडत असेल, तर पेरावे. उत्तर बदलत असेल, तर थांबावे किंवा दुबार पेरणीचे बियाणे राखावे. आपले अज्ञान किती आहे, हेही असे मोजता येते. मुलांना हे जरूर करून पाहू द्या.