वाहनचालकाचे अवधान आणि मोटार कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वाहन चालविताना मोबाईलवर बोलण्याचा प्रश्न अलीकडचा मानला जातो. चालकाचे लक्ष विचलित करणाऱ्या साधनांविषयीची चिंता मात्र बरीच जुनी आहे. अमेरिकेत १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ बसविला जाऊ लागला, तेव्हा मॅसॅच्युसेट्स व सेंट लुईस येथे त्यावर बंदी घालण्याचे प्रस्ताव पुढे आले. पुढे रेडिओ मोटारीचाच भाग बनला आणि तो वाद मागे पडला.

मोबाईलसंबंधीचा पहिला महत्त्वाचा पुरावा १९९७ मध्ये रेडेलमायर व टिब्शिरानी यांनी मांडला. टोरांटो परिसरातील अपघातग्रस्त अशा ६९९ मोबाईलधारक चालकांच्या दूरध्वनी देयकांतील नोंदी त्यांनी तपासल्या. दफ्तराच्या आधारे भूतकाळ उभा करण्याची ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित वाटावी अशीच आहे. संभाषणाच्या काळात अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यातून दिसून आले. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांनाही अधिक सुरक्षितता लाभत नव्हती, हा निष्कर्ष तर त्याहून महत्त्वाचा होय. स्ट्रेयर व जॉन्स्टन यांच्या २००१ च्या प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला. विशेष म्हणजे नुसता रेडिओ ऐकणाऱ्या चालकांत तसा दोष आढळला नाही. म्हणजे धोका हाताच्या गुंतण्यात नसून संभाषणात मन गुंतण्यात होता.

कायद्याने मात्र हातच पाहिला. न्यूयॉर्क राज्याने २००१ मध्ये व ब्रिटनने डिसेंबर २००३ मध्ये बंदी घातली, ती फोन हातात धरण्यावर. कानाशी धरलेला फोन चौकातील पोलिसास दिसतो, चालकाचे मन दिसत नाही. अंमलबजावणीची ही अडचण खरी असली, तरी त्यामुळे हात मोकळे असले की बोलणे निर्धोक, असा चुकीचा समज रूढ झाला.

भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा, त्यामुळे त्याच्या कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येत या साधनाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. तो २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि तोही ‘हातात धरावयाच्या’ संपर्कसाधनांपुरता. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने अशा साधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने करण्यास मुभा दिली. मोबाईलच्या संदर्भात ‘एकाग्रता’ नियमात आली खरी, परंतु ती मोजावयाची कशी हे अनुत्तरितच राहिले.

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. शासकीय अहवालात यांतील बहुतांश मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात असून मोबाईल वापराच्या वाट्याला अवघे दोन टक्क्यांच्या आसपास येतात. हे प्रमाण जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. वेग हा अपघातस्थळी खुणा ठेवतो, संभाषण ठेवत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी कॉलची व अपघाताची वेळ जुळवून पाहिली, तसे प्रत्येक अपघातात घडत नाही. महाराष्ट्रातील अपघातांच्या फिर्यादीत ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात, हयगयीने’ ही ठरावीक शब्दरचना वारंवार आढळते. तीत दुर्लक्षाची नोंद होते, ते कशामुळे झाले याची होत नाही.