बाजाराचे स्थलांतर आणि एका रॉक वृंदाचा नाद

आज एपीएमसी मार्केट या नावाने सर्वांच्या तोंडी असलेली वाशी-तुर्भे येथील बाजारपेठ नदीकाठच्या किंवा देवस्थानाजवळच्या जुन्या पेठांप्रमाणे आपोआप वाढलेली नाही. ती कायद्याच्या कलमांतून, सरकारी ठरावांतून आणि आखीव नकाशांतून निर्माण झाली. १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा, १९७० साली झालेली सिडको या नगरविकास महामंडळाची स्थापना आणि १९७७ साली अस्तित्वात आलेली मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती अशा पायऱ्यांनी मुंबई बेटावरील घाऊक व्यापार खाडीपलीकडे नेण्याचा संकल्प दृढ होत गेला; आणि १९८१ साली कांदा-बटाटा, १९९०-९१ च्या सुमारास मसाला व दाणाबंदर, आणि १९९६ साली भाजीपाला व फळे अशा क्रमाने तो अमलात आला. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांतील धान्याची पोती, भायखळ्याची भाजी, क्रॉफर्ड मार्केटची फळे ही सारी येथे आली, आणि त्यांच्याबरोबर आडते, गुमास्ते, मापाडी, माथाडी, त्यांचे पहाटेचे वेळापत्रक आणि त्यांची बोलीही आली. या स्थलांतरास विरोध पुष्कळ झाला. परंतु शासनाने गाळे बांधले, परवाने दिले, आणि जो उठला त्यास बसावयास जागा दिली, हे मान्य केलेच पाहिजे.

नेमक्या याच कालखंडात मुंबईत एक रॉक वृंद जन्मास आला, त्याने नाव कमावले, नाव बदलले, आणि तो विसर्जितही झाला. १९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावाने आरंभ झालेला आणि १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ म्हणून ओळखला गेलेला हा वृंद १९९७ मध्ये थांबला. म्हणजे त्याचे पहिले आयुष्य जवळजवळ संपूर्णपणे या बाजाराच्या स्थलांतराच्या वर्षांत सामावलेले आहे. कांद्याचा बाजार आणि गिटारीचा वृंद एकत्र आणणे वाचकांस विलक्षण वाटेल. परंतु एखाद्या व्यवसायाची जागा बदलली की त्याची रीत बदलते, आणि जागाच नाहीशी झाली की रीतही विरत जाते, ही गोष्ट गाळ्याला जितकी लागू आहे तितकीच रंगमंचालाही लागू आहे. आणि या वृंदाचा नाद वेळोवेळी का पालटला याचा शोध घेता मला त्याचे मूळ वादकांच्या लहरीपेक्षा त्यांना मिळालेल्या, किंवा न मिळालेल्या, जागांत अधिक दिसते.

मुंबईत पाश्चात्य वाद्यसंगीताची परंपरा रॉकच्या पुष्कळ आधीची. गोव्याहून आलेल्या वादकांनी ताजमहाल हॉटेलच्या नृत्यशाळेपासून हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांपर्यंत ती पोसली होती. सत्तरीच्या आरंभी सिमला बीट स्पर्धेतून तरुणांचे वृंद पुढे आले. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ नामक डिस्कोथेकमध्ये १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे दोघे येऊन वाजवून-गाऊन गेले, आणि त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांबरोबर आपल्या दोन गीतांचे ध्वनिमुद्रणही केले, जे पुढे २०१५ साली प्रकाशात आले. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या वृंदाचा ‘ऑब्सेशन ’७७’ हा एकमेव अल्बम आज परदेशांतील संग्राहक मोठ्या आस्थेने ऐकतात.

या साऱ्या मंडळींत मराठी वाचकाने विशेष स्मरणात ठेवावे असे नाव नंदू भेंडे यांचे. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगभूमीवरील दांपत्याचा हा पुत्र इंग्रजी रॉक गाणारा गायक म्हणून वाढला, ‘सॅव्हेजेस’सारख्या वृंदांतून गायला, १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडासची भूमिका केली, आणि १९७८ साली ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या, जब्बार पटेल यांनी थिएटर अॅकॅडमीसाठी बसविलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकात तोच अंकुशच्या भूमिकेत मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला. इलेक्ट्रिक गिटारीवर पोसलेला आवाज मराठी शब्दांना किती सहज पेलू शकतो याची ती खणखणीत साक्ष होती. ही वाट पुढे रुंद झाली असती तर मराठी रॉकचा इतिहास निराळा लिहिला गेला असता, असे मला मनापासून वाटते; परंतु ती एका नाटकापुरती उजळली, आणि पुढच्या पिढीचे वृंद पुनः इंग्रजीकडेच वळले.

त्या पुढच्या पिढीतला अग्रणी वृंद म्हणजे रॉक मशीन. महेश तिनईकर यांची गिटार आणि मार्क सेल्विन यांचे बेस हे त्याचे प्रारंभीचे आधार. पुढे उदय बेनेगल यांचा कंठ, झुबिन बालापोरिया यांचे कीबोर्ड, जयेश गांधी यांची गिटार आणि मार्क मेनेझिस यांचे ड्रम्स यांनी त्यास पूर्णता आली. आरंभीची वर्षे इतर सर्व वृंदांप्रमाणे परकीय गीतांच्या अनुकरणात, म्हणजे त्या वर्तुळातल्या भाषेत ‘कव्हर’ वाजविण्यात गेली. यास केवळ वृत्तीचे दास्य म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा आयातीवरचे निर्बंध आणि जबर जकात यांमुळे चांगली गिटार अथवा अॅम्प्लिफायर दुर्मीळ असे. कलकत्त्याच्या गिवसन गिटारीवर पहिली बोटे घासलेल्या मुलाला परदेशी तबकडीतला नाद आपल्या हातून उमटवून दाखविणे हेच एक मोठे शिक्षण वाटे, आणि श्रोतेही त्या नादाचीच मागणी करीत. कॉलेजच्या महोत्सवात कुणी स्वतःची रचना सुरू केली की ओळखीच्या इंग्रजी गाण्याची फर्माईश मागून उठे. अशा श्रोत्यांपुढे आपलीच गाणी वाजविण्याचा हट्ट धरणे यास जे धैर्य लागते ते या वृंदाने दाखविले, आणि त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मला हीच गोष्ट सर्वाधिक मोलाची वाटते.

या हट्टास आश्रय देणारी जागा म्हणजे धोबीतलावावरचे रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या पाठीशी असलेले हे खुले नाट्यगृह. १९७८ पासून येथे जॅझ यात्रा भरली, आणि १९८६ साली फरहाद वाडिया यांनी येथेच ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. चर्चगेट आणि व्हिक्टोरिया टर्मिनस ही दोन्ही स्थानके पायी चालण्याच्या अंतरावर असल्यामुळे विरार-कर्जतकडचा विद्यार्थी शेवटच्या लोकलचा हिशेब ठेवून तेथे येऊ शके, आणि वर आकाश मोकळे असल्यामुळे नाद भिंतींवर आदळून गढूळ होत नसे. अशा जागेसाठी रचलेले संगीत कसे असावे हे १९८८ च्या ‘रॉक ’न’ रोल रेनेगेड’ या पहिल्या अल्बमवरून कळते: ठसठशीत ठेका, घोषवाक्यासारखी टेक, मागच्या रांगेतल्या मुलालाही दुसऱ्या आवर्तनात साथ देता यावी अशी सोपी सुरावट. १९९० च्या ‘द सेकंड कमिंग’मध्ये कीबोर्डचे अस्तर दाट झाले, चाली गोडव्याकडे झुकल्या, तरी रोख मैदानातल्या जमावाकडेच राहिला.

मग अवकाशातून दूरदर्शनेतर वाहिन्या आल्या. १९९१ मध्ये एमटीव्हीचे आशियाई प्रक्षेपण सुरू झाले, आणि मुंबईच्या वृंदाचे चित्रगीत एकाएकी हाँगकाँग-तैवानच्या घराघरांत दिसू लागले. ‘प्रिटी चाइल्ड’ या गीतास आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचे एमटीव्ही पारितोषिकही मिळाले. जगाच्या नजरेस पडताच, आपण कोण आणि कुठले हा प्रश्न उभा राहणे अपरिहार्यच होते. १९९३ साली रॉक मशीनचे इंडस क्रीड झाले, सिंधूचे नाव धारण केले गेले, आणि १९९५ साली त्याच नावाचा अल्बम आला. ‘ट्रॅप्ड’ हे गीत त्यातलेच. येथे आक्रस्ताळेपणा ओसरलेला, गिटार मधूनमधून अकौस्टिकच्या सौम्य स्वरात बोलणारी, आणि भारतीय तालवाद्यांचा व सुरावटींचा स्पर्श जाणवणारा. काही जुन्या चाहत्यांस तो बदल तडजोडीसारखा भासला. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण आता श्रोता रंगभवनाच्या पायरीवर उभा नव्हता, तो आपल्या दिवाणखान्यात बसलेला होता, आणि त्याच्याशी ओरडून बोलण्याचे प्रयोजनच उरले नव्हते.

परंतु ज्या पडद्याने हा श्रोता दिला त्याच पडद्याने तो थोड्याच अवधीत काढूनही घेतला. १९९५ हेच अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’चे आणि दलेर मेहंदी यांच्या पहिल्या यशाचेही वर्ष, हिंदी-पंजाबी पॉप गीतांस जो ग्राहक लाभला तो इंग्रजी रॉकला कधीच लाभणारा नव्हता, आणि वाहिन्या व तबकड्यांच्या कंपन्या स्वाभाविकपणे तिकडे वळल्या. १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला. बेनेगल आणि गांधी न्यू यॉर्कला गेले. तेथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नावाने नवा प्रयोग मांडला, आणि त्यात भारतीय अंश इंडस क्रीडपेक्षाही गडद झाला.

दरम्यान इकडे रंगभवनही मिटले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, विद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला. कामा आणि जी. टी. ही रुग्णालये, कॉलेज आणि कोर्ट यांच्या मधोमध असलेल्या त्या खुल्या रंगमंचावर पुढे लवकरच मनाई आली. रुग्णाच्या शांततेचा हक्क मी निःशंकपणे श्रेष्ठ मानतो, आणि त्या मनाईच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढच्या रिकाम्या पानाविषयी आहे. भायखळ्याची भाजी उठविताना शासनाने तुर्भ्याला आधी गाळे उभे केले होते. पाठीवर पोते वाहणाऱ्या माथाड्यास, अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यामुळे, १९६९ च्या कायद्याचे संरक्षण होते, आणि ते त्याच्याबरोबर खाडी ओलांडून आले. रंगभवनाच्या वादकांस मात्र पर्यायी जागेचा नकाशा कुणी दाखविला नाही. ‘इंडिपेन्डन्स रॉक’चा मोठा उत्सव उपनगरांतल्या मैदानांवर फिरता झाला, आणि लहान वृंद मद्यगृहांच्या कोपऱ्यांत शिरले, जेथे विद्यार्थ्याच्या खिशास प्रवेश परवडत नाही.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुनः एकत्र आला: बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघे, त्यांच्या जोडीला बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे तरुण. २०१२ साली निघालेला ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम, ज्याचे मिश्रण टिम पामर या ख्यातनाम ध्वनितज्ज्ञाने केले, हा माझ्या मते त्यांचा सर्वांत परिपक्व आविष्कार. ‘फायरफ्लाइज’सारख्या रचनेत टेकेची घाई नाही, एक कल्पना मांडावी, तिच्यावर दुसरी रचावी, मध्येच ठेका मोडावा, कीबोर्ड आणि गिटार यांनी परस्परांस प्रश्न विचारावेत, अशी ती चाल प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कुळातली आहे. त्याच कुळातला इंग्लंडातील किंग क्रिमसन हा वृंद १९६९ साली सिंफनीसारख्या भव्य नादाने अवतरला, १९७४ पर्यंत कठोर धातुनादाला पोहोचला, आणि १९८१ साली दोन गिटारींच्या एकमेकींत गुंफलेल्या आवर्तनांनी पुनः नवा झाला. रॉबर्ट फ्रिप हा एकच वादक त्या साऱ्या स्थित्यंतरांत कायम होता. इंडस क्रीडच्या वाट्यास अशी दीर्घ कारकीर्द आली नाही. तरीही १९८८ आणि २०१२ या दोन अल्बमांमधले अंतर कानांनी मोजले, तर बदलण्याची भूक येथेही तितकीच खरी होती असे दिसते. मात्र ‘इव्हॉल्व्ह’ची रचना एकाग्र होऊन, शक्यतो हेडफोन लावून ऐकण्याची आहे, जमावाने साथ द्यावी अशी टेक तीत शोधूनही सापडत नाही, आणि जमावाची जागाच राहिली नसताना ती तीत यावी तरी कोठून?

आता एपीएमसी मार्केटपासून काही मैलांवर, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागृहात, जगातले मोठे वृंद येतात. १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू हा वृंद येथे वाजवून गेला. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन प्रयोग झाले, आणि त्या संध्याकाळी शीव-पनवेल महामार्गावर भाजीच्या टेम्पोंशेजारून साऱ्या देशातून आलेले तरुण जात होते. श्रोता आहे, त्याची दूर येण्याची तयारी आहे, आणि खाडीपलीकडे येण्यात त्यास कमीपणा वाटत नाही, हे यावरून सिद्ध झाले. परंतु पन्नास हजारांचे क्रीडागृह कुणा नव्या वृंदास उपयोगी पडत नाही. आणि रॉक मशीनला जी पहिली दहा वर्षे मिळाली, ती दोन-तीन हजार माणसांच्या खुल्या, स्वस्त, लोकलच्या वाटेवरच्या रंगमंचामुळे मिळाली. वाशीत नाटकासाठी विष्णुदास भावे नाट्यगृह उभे आहे. तुर्भ्याच्या बाजूस, रात्री जेथे ट्रक आणि हातगाड्यांचा राबता असतोच आणि रुग्णालये दूर आहेत, अशा एखाद्या भूखंडावर सिडकोने आणि महानगरपालिकेने मिळून तसा एक रंगमंच बांधावा, आणि त्याचे भाडे कॉलेजातल्या वृंदास पेलेल असे ठेवावे, ही मागणी मी येथे नोंदवीत आहे.